फुलमायचा खांब

पत्र्याच्या खोलीत दुपारची झोप कसली, माणूस नुसता शिजतो. तरी हिरालाल खाटेवर आडवा पडला आहे. उन्हं कलली की वस्तीत वनखात्याच्या साहेबांची सभा आहे आणि बोलायला गावाने त्यालाच पुढे केलं आहे. वाघांसाठी आवळापानी गाव उठवलं तेव्हा कोरकूंचे मुंडे, म्हणजे मेलेल्यांच्या नावाने कोरून पुरलेले सागवानी खांब, जंगलातच राहिले. ते आता साहेब ट्रकने इकडे आणून देणार. बाग करणार, फलक लावणार. बदल्यात जुन्या जागी जायचा हट्ट गावाने सोडायचा आणि झालं गेलं विसरायचं. हिरालाल हो म्हणणार आहे. त्याची आई फुलमाय या वस्तीत वारली. तिचा मुंडा विजेच्या डीपीजवळ एकटाच उभा आहे, ते त्याला सलतं. सगळे आले तर तिला सोबत होईल.

डोळा लागतो न लागतो तोच चुलीचा धूर येतो.

"ऊठ रे, किती लोळशील!"

फुलमाय कुटकीचा भात ढवळते आहे. वर पत्रा नाही, कौलं आहेत. आवळापानीचंच घर. हिरालालला त्याचं काही वाटत नाही.

"माय, तू तं डीपीजवळ होती ना?"

"होती. बरी जागा पाह्यली तुवा. दिवसभर गुणगुण करते ते." ती हसते, पण त्याच्याकडे पाहत नाही. "तुया बाप कुठी हाय रे? मले दिसला नाही."

"बा इथंच हाय. मोहाखाली."

"मंग मी काहून नाही इथं?"

"तुयी सिडोली केली ना, माय. बोकड दिला, ढोल लावले. काहीच कमी केलं नाही."

"केली बाप्पा. सारे नाचले. मले पोचवलं. पण घ्यायले कोण होतं तिथं?"

सिडोली म्हणजे मेलेल्याला पूर्वजांत नेऊन बसवायचं, आणि हिरालालने तर आईला जिथे एकही पूर्वज नाही अशा वस्तीत नेऊन सोडलं होतं.

फुलमाय भात तसाच टाकून उठते. दार उघडते, तर अंगण नाही, जंगलाचा नाका आहे. आडवा दांडा, पहाऱ्याला कोणी नाही. हिरालाल वाकून पलीकडे जातो. ती अलीकडेच थांबते.

"ये ना, माय."

"तिकडं कोणी पोचवल्याबिगर येता येत नाही रे."

पलीकडे मोहाचं झाड आहे. त्याखाली मुंड्यांची रांग, आणि मधे बाचा, चांदसूर्य कोरलेला. हिरालाल त्याला मिठी मारतो आणि उपसायला जोर लावतो.

"साऱ्याइले तुयाकडे आणतो, माय! ट्रक येऊन राह्यला!"

खांब हलतही नाही. तो बुडाशी हात घालतो, तर तिथे लाकूडच नाही. वाळवीने केव्हाच त्याची माती केली आहे आणि त्या लाल मातीत मोहाची मुळं शिरली आहेत.

"नको उपटू रे!" नाक्यावरून फुलमाय ओरडते. "तुया बापाची माती झाली. तिले ट्रकमंदी कसा भरशील?"

"मंग मी सभेत काय सांगू?"

"ते तुयं तू पाह्य. मले इतकंच सांग, मी कोणाजवळ बसू?"

तो लहान पोरासारखा रडू लागतो. दांड्याआड आई तशीच उभी राहते.

"उठा, साहेब आले," बायको जानकी तांब्या घेऊन उभी आहे. "अन् हात कुठी भरवले हे? धुवा आधी."

हिरालाल हात पाहतो. तळव्याला, नखांत लाल माती आहे. या वस्तीत तर कुंपणापासून कुंपणापर्यंत सगळी काळीच जमीन.

तो हात धूत नाही. ट्रक नको, आईला जंगलात बाजवळ न्यायला वाट द्या, एवढंच तो सभेत बोलणार आहे. त्याआधी तो डीपीकडे वळतो आणि फुलमायच्या खांबाच्या बुडाला तळव्याची लाल माती पुसतो.

"इतकाच बा आणता आला, माय."