हत्तीच्या पोटावरची ओळ

डॉक्टर वाल्डाऊंनी पुस्तक चिमट्यात धरून स्वयंपाकघरात आणलं आणि रिकाम्या बादलीत टाकलं. "उकळा, नाहीतर चुलीत घाला. मला दोन्ही चालेल."

शांघायमधल्या आमच्या निर्वासितांच्या वसतिगृहात त्या हिवाळ्यात घसा सुजून अंगावर लाल पुरळ उठवणारा ताप शिरला होता. आजारी मुलं वरच्या मजल्यावर वेगळी ठेवली होती आणि त्यांच्यात हे एकच पुस्तक फिरत होतं. आदल्या संध्याकाळी चार वर्षांच्या गित्ताने ते कठड्यावरून खाली थोरल्या बहिणीकडे टाकलं. बहीण ते उशाखाली घेऊन निरोगी मुलांच्या खोलीत झोपली. सकाळी अंथरुणं झटकताना सापडलं.

पुस्तक एल्फ्रीडे प्रागर यांनी केलेलं. जर्मनीत ब्रेस्लाऊला त्या मुलांच्या मासिकासाठी चित्रं काढायच्या. ज्यू म्हणून आधी काम गेलं, मग घर. बोटीचं तिकीट शांघायचं मिळालं, म्हणून त्या इथे आल्या. इथल्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते आणि उरलेला कागद लहान मुलं खातात, हे पाहून त्यांनी पानांसाठी पिठाची रिकामी कापडी पोती घेतली. गल्लीतल्या रंगाऱ्याच्या बायकोकडून त्या एक काम शिकल्या. सोयाबीनचं पीठ आणि चुना कालवून ती लापशी कापडावर चित्राच्या आकारात थापायची, कापड निळीत बुडवायचं, वाळलं की लापशी खरवडायची. निळ्यावर पांढरा हत्ती उरतो. तो चावला, धुतला, उकळला तरी जात नाही. बाईंना याचा गर्व होता आणि तो त्या लपवत नसत.

गित्ता घशाला औषध लावून घ्यायची ती हे पुस्तक हत्तीच्या पानावर उघडून हातात दिलं तरच. नाहीतर दात आवळायची. दोघी परिचारिकांना आवरायची नाही. सकाळपासून तिने औषध लावू दिलं नव्हतं, आणि तिचा घसा डॉक्टरांना बरा वाटत नव्हता.

"मग उकळा की," प्रागरबाई म्हणाल्या. "माझा रंग जाणार नाही. लावा पैज."

"थांबा, थांबा!" बादलीत वाकून बघणारे रेब फिशेल ओरडले.

रेब म्हणजे आमच्यात गुरुजींना लावायचा मान. फिशेल पोलंडच्या धर्मपाठशाळेतून इथवर पोचलेले आणि मुलांना अक्षरं शिकवणारे. पुस्तकात झोपतानाच्या प्रार्थनेची एक ओळ घाला, असं त्यांनीच बाईंना सांगितलं होतं. बाईंनी ती काजळीच्या शाईने, कुंचल्याने लिहिली. ओळीत देवाचं नाव येतं. श्रद्धाळू माणूस मुलांच्या हाताळण्यातल्या वस्तूवर ते पुरतं लिहीत नाही, खुणेपुरतं लिहितो. कारण पुरतं लिहिलेलं नाव पुसायचं नसतं, जाळायचं तर नाहीच. प्रागरबाईंच्या माहेरी वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उपासालाही सकाळी कॉफी व्हायची. त्यांना हे कोण सांगणार? त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकातून अक्षर न् अक्षर उतरवलं होतं.

"पुरतं लिहिलंय! आणि कुठे, तर हत्तीच्या पोटावर!"

"निळ्यावर काळं दिसत नाही, रेब फिशेल. पांढरी जागा तेवढीच होती."

"तुम्ही जर्मन लोक. पाप केलं तरी सुवाच्य अक्षरात."

"आणि तुम्ही पोलंडवाले हत्तीलाही आधी बापाचं नाव विचाराल."

"भांडा नंतर," स्वयंपाक बघणाऱ्या टिल्डाबाई म्हणाल्या. पातेल्याला उकळी फुटली होती. "हे कोळशाचे शेवटचे गोळे. विझले की उद्याच जाळ."

"काजळी उकळल्यावर जाईल ना?" रेब फिशेलनी विचारलं.

"निळा राहील. काजळी जाईल," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा संयम संपला. "जीव वाचवायला सगळं माफ असतं ना तुमच्यात?"

"आमच्यात? तुम्ही कुणातले, डॉक्टर? माफ असतं. दुसरी वाट नसेल तर. ती आहे का ते बघू द्या." रेब फिशेल बाईंकडे वळले. "एकच विचारतो. हे नाव लिहिताना तुमच्या मनात काय होतं?"

"म्हणजे?"

"नुसते आकार काढत होतात, हत्ती काढला तसे? मग ती शाई आहे, टाका पाण्यात. की हे देवाचं नाव आहे असं मनात धरून लिहिलंत? मग मी कुणाला हात लावू देणार नाही."

प्रश्न अवघड नव्हता. आपण देव मानत नाही हे बाई वसतिगृहात येईल त्याला न विचारता सांगत. डॉक्टरांनी तर चिमटा उचललाही. "आकार," ते म्हणाले. "सांगा, बाई. आकार."

बाईंनी बादलीत वाकून ओळीकडे पाहिलं.

"एल्फ्रीडे, अगं, जाळ विझतोय!" टिल्डाबाई म्हणाल्या.

"मी कुंचला पुसला," बाई म्हणाल्या.

"काय?"

"त्या शब्दाआधी. पुसला आणि नवी शाई घेतली. वडील ही ओळ म्हणताना डोळ्यांवर हात धरायचे. ते आठवलं, म्हणून थांबले. मग लिहिलं."

"वडील आठवले, देव नव्हे," डॉक्टर म्हणाले. "मिटलं."

"डॉक्टर, प्रश्न मला विचारलाय." बाईंचा आवाज चढला. "कुणाचं नाव लिहितेय ते मला ठाऊक होतं."

रेब फिशेल यांचा चेहरा उतरला. त्यांना दुसरं उत्तर हवं होतं, हे कुणालाही कळलं असतं. "मग तेवढी ओळ कापून काढा," ते म्हणाले. "ती पुरू, पुरलेलं चालतं. बाकीचं उकळा."

"हत्तीचं पोट जाईल."

"जाईल."

"ती मुलगी ते हातात धरेल?"

बाईंनी कात्री घेतली. पोत्याचं कापड जाड, कात्री बोथट. ओळीभोवती फिरायला वेळ लागला आणि तोवर टिल्डाबाई पुठ्ठ्याने चुलीला वारा घालत राहिल्या. तुकडा बरणीत गेला, बरणीचं तोंड मेणाने बंद झालं आणि रेब फिशेल ती घेऊन अंगणात गेले. पुस्तक पाण्यात पडलं. बाईंनी जंतू मारणाऱ्या कार्बोलिकमध्ये हात बुडवले, पण नजर पातेल्यावरून काढली नाही. निळा तसूभर हलला नाही.

दुपारी चुलीच्या भिंतीवर वाळवलेलं पुस्तक डॉक्टर वर घेऊन गेले. बाई दाराशी थांबल्या. गित्ताने नेहमीचं पान काढलं आणि बघत राहिली. डॉक्टरांनी औषधाचा बोळा पाठीमागे धरला होता.

"पोट कुठाय?"

"कापलं," बाई म्हणाल्या. "मी."

"का?"

"कापावं लागलं."

गित्ताने भोकातून बोटं घातली, मग मनगट, मग कोपरापर्यंत हात. पान उलटं करून पलीकडे निघालेली आपली बोटं तिने हलवून पाहिली. आणखी काही विचारायला तिने तोंड उघडलं आणि डॉक्टरांनी बोळा घशात फिरवला. ती चावली, पण तोवर औषध लागलं होतं.