लवूच्या जबड्यातली फट

वालावल गावात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं ते लवूनेच. कुणाचं लग्न अडो, कुणाची म्हैस आटो, देवापुढे उभा राहून लवू असा खडा आवाज लावी की ऐकू आलं नाही म्हणायची देवाचीही सोय नव्हती. एरवी माणूस घुमा. बायकोशी, तुळसाशीसुद्धा मोजकंच बोले. मी शेजारी, म्हणून खात्रीने सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आंबे काढताना तो फांदीवरून पडला आणि हनुवटीवर आपटला. जखम भरली, पण तोंड उघडेना. पावसाळा सरत आला तरी दातांमधून जेमतेम एक बोट आत जाई. पेजेवर राहून तो निम्मा झाला. गाऱ्हाणं त्याचा चुलतभाऊ गणपत घालू लागला, तसा लवू देवळात जायचाच बंद झाला. मला लवूचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

शेवटी मीच लवू आणि तुळसाला गाडीत घालून सावंतवाडीला नेलं. जबड्याच्या डॉक्टर दिव्याबाईंनी एक्स-रे काढला, पण त्यात कानापुढचा सांधा बाकीच्या हाडांच्या सावल्यांत हरवला होता. म्हणून खुर्चीत बसवून करतात ते जबड्याचं सीटी करायचं ठरलं. यंत्र डोक्याभोवती फिरेल, दात मिटून अगदी स्तब्ध बसा, असं लवूला बजावलं होतं.

चित्र आलं. कवटी आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये फट दिसायला हवी, तिथे सगळं पांढरं. हाडं एकमेकांना जुळली असतील तर मोठं ऑपरेशन करावं लागेल, बाई म्हणाल्या. लवूच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई मात्र चित्रावरून नजर काढेनात. दातांच्या कडाही दुहेरी दिसत होत्या. आत हललात का, त्यांनी विचारलं. लवूने नाही म्हणून मान हलवली.

"नाय कशे?" तुळसा म्हणाली. "ह्यांनी आत गाऱ्हाणा घातल्यानी. व्हट हलत होते, मी काचेतसून बघलंय."

गावात तोंड उघडेना, आणि या बाबाने नेमकं यंत्रात बसून देवाला साकडं घातलं! भ्यालो होतो, असं तो दातांतल्या दातांत पुटपुटला. बाई हसल्या. सीटी हाड अचूक दाखवतं, पण माणूस हलला की तेही फसतं, म्हणाल्या, आणि त्याला पुन्हा आत पाठवलं.

"ह्या वेळी देवाक मी सांगतंय," तुळसाने बजावलं. "तुमी गप रवा."

दुसऱ्या चित्रात एक काळी रेघ होती. बारीक, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. हाडं मोकळी होती. मधली मऊ गादी या तपासणीत नीट कळत नाही, तेव्हा तोंड पूर्वीइतकं उघडेलच असा शब्द देता येणार नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. व्यायाम मात्र नेटाने करायचा. लवू रोज दातांमध्ये लाकडी पट्ट्या सरकवायचा, हळूहळू एखादी वाढवायचा. त्याचं कण्हणं मला कुंपणापलीकडून ऐकू यायचं.

जत्रेला तुळसाने त्याला ओढूनच नेलं. गणपतने आधी गावासाठी मागितलं, मग लवूचं नाव घेतलं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो लवू इतकी वर्सा आमच्यासाठी मागीत इलो. आज आमी तेच्यासाठी मागतंव. तेचो जबडो मोकळो कर रे म्हाराजा."

अशा वेळी जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. लवूने ते जन्मात कधी म्हटलं नव्हतं, कारण मागणारा नेहमी तोच. सगळ्यांनी हुंकार दिला आणि त्यात एक आवाज इतका खडा निघाला की गणपत पुढचं मागणं विसरला.