दोन गावचे टमाटे

आमच्या घरी पाहुणे आले की चहा उकळेपर्यंत हे टमाट्यांचा एक किस्सा सांगतात. तो संपेस्तोवर मला दुसरा आठवतो, मग त्यांना तिसरा. तोवर चहा निवून जातो. एका उन्हाळ्यात, चार कुंड्यांतून इतकं बोलण्यासारखं निघेल असं आम्हाला तरी कुठं वाटलं होतं.

हे म्हणजे माझे मिस्टर. अमरावतीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. यातल्या दोन कुंड्या आमच्या गच्चीवरच्या आणि दोन अकोल्याच्या, माझ्या भाऊजींच्या. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. मूळ बार्शीटाकळीकडचे माळी. त्यांचे भाऊ वावरात भाजीपाला पिकवायचे आणि भाऊजी अकोल्याच्या बाजारात विकायचे. दिवाळीनंतर ताई गेली. मुलगा राहुल नोकरीला पुण्यात. भाऊजी घरात एकटे उरले.

*

ताई गेल्यावर मी त्यांना रोज फोन करायची.

"जेवले काय भाऊजी?"

"हो."

"काय केलं होतं?"

"केलं होतं काहीतरी."

एवढं बोलून ते फोन ठेवायचे. पुढं पुढं तर ते फोनही उचलेनात.

एक दिवस हे नर्सरीतून टमाट्याची चार रोपं घेऊन आले, सगळी सारख्या उंचीची. सोबत दोन थर्मामीटर. तसेच आम्ही अकोल्याला गेलो.

"साडूभाऊ, एक प्रयोग करायचा आहे," हे म्हणाले. "दोन रोपं तुमच्या गच्चीवर, दोन माझ्या. दोन्हीकडं एक उघड्या उन्हात, एक सावलीत. माती तीच, पाणी तेवढंच. ऊन अन् तापमानानं झाडाले काय फरक पडते, ते पाहू. तुम्ही रोज सकाळी मले फोन करायचा, अन् आदल्या दुपारचं तापमान अन् झाडाची उंची सांगायची."

भाऊजी खाटेवरून उठलेही नाहीत. "काहून माह्या मांगं लागले सर? मी जन्मभर टमाटे विकले. लावले नाही कदी."

"तुमची मर्जी. अकोल्यापेक्षा अमरावती जास्त तापते असं माझं म्हणणं होतं. तेवढं तपासलं असतं."

भाऊजी उठून बसले.

"अकोल्यापेक्षा?"

दुसऱ्या दिवशी आमचं दूध तापायच्या आधी त्यांचा फोन आला.

*

पहिल्याच आठवड्यात भाऊजींनी असं काही तापमान सांगितलं की ह्यांनी चष्मा काढून ठेवला.

"साडूभाऊ, आता कुठं फेब्रुवारी चालू आहे. एवढ्या तापमानात तुम्ही बोलून कसे राहिले?"

"अकोला हाय सर. आमाले सवय हाय."

ह्यांनी व्हिडिओ कॉल करायला लावला. थर्मामीटर जिन्यावरच्या टिनाच्या पत्र्याला तारेनं बांधलेला, भर उन्हात.

"हे टिनाचं तापमान झालं," ह्यांनी समजावलं. "आपल्याले हवेचं पाहिजे. थर्मामीटर सावलीत टांगा."

भाऊजींनी टांगला. दुसऱ्या दिवशी आकडा सांगताना त्यांचा आवाज पडलेला होता. अमरावतीपेक्षा अकोला जास्तच निघालं, पण अगदी थोडं.

"थोडं तर थोडं," ते म्हणाले. "इज्जत रायली."

*

मार्चमध्ये अकोल्याचं सावलीतलं रोप उन्हातल्यापेक्षा उंच झालं. भाऊजी भलतेच खूष.

"सर, सावलीतलं जिंकलं. तुमचं विज्ञान काय म्हनते?"

"दांडा कसा आहे?"

"बारीक. पांढुरका. एका बाजूनं वाकलाय."

"मग ते जिंकलं नाही साडूभाऊ. ते उजेड शोधून राहिलं. उजेड कमी पडला की झाड नुसतं लांबत जाते. उंची दिसते, पण अंगात जोर नसते."

 हे फोन ठेवायला निघाले, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"आपला राहुल बारावीले असाच झाला होता. दिवसभर खोलीत, पुस्तकात. सुमन म्हने, पोरगा दोडक्याच्या वेलासारखा वाढून राहिला, याले जरा उन्हात काढा."

हे हसले. भाऊजीही हसले. स्पीकरवरचं ऐकत मी कणीक भिजवत होते, हात तसाच परातीत राहिला. ताई गेल्यापासून तिचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं.

*

एप्रिलमध्ये उन्हातल्या झाडांची पानं द्रोणासारखी वळायला लागली. ह्यांनी ठरवलं, दोन्हीकडं दुपारच्या वेळी उन्हातल्या झाडावर हिरवी जाळी धरायची. नाहीतर प्रयोग तिथंच संपायचा.

दोन दिवसांनी भाऊजींनी व्हिडिओ कॉलवर झाड दाखवलं. चार काड्या रोवलेल्या आणि वर हिरवं कापड ताणलेलं. ते कापड मी ओळखलं. त्यांच्या वास्तुपूजेला मीच ताईला घेतलेली साडी होती ती, मोरपिशी काठाची.

"जाळी भेटली नाही काय बाजारात?" ह्यांनी विचारलं. त्यांना साड्यांतलं काही कळत नाही.

"भेटली ना. पन तिच्यातून लय ऊन येते सर. हिच्यातून बेतानं येते."

हे माझ्याकडं वळले. "मग आपल्याकडंही साडीच लावावी लागेल. नाहीतर तुलना होत नाही. तुझी एखादी हिरवी आहे का?"

मी कपाट उघडलं.

*

एवढ्या तापमानात फुलं टिकत नाहीत. दोन्हीकडची रोज गळून पडायची. त्यातून आमच्या गच्चीवर एकच टमाटा धरला, बोराहून थोडा मोठा. ह्यांनी त्याचा फोटो अकोल्याला पाठवला आणि शेरा ऐकायला स्वतः फोन केला.

"हा माल मी कॅरेटच्या तळाशी टाकत होतो," भाऊजी म्हणाले.

हे दिवसभर माझ्याशीही बोलले नाहीत. टमाटा लाल झाल्यावर मात्र रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि मला घेऊन बसनं अकोल्याला निघाले. भाऊजींनी टमाटा तळहातावर घेतला, फिरवला, देठाकडून हुंगला.

"वास चांगला हाय," म्हणाले. मग उठून स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच दिवसांनी त्या घरात फोडणीचा आवाज झाला. त्यांनी मला आत येऊ दिलं नाही. तिखट, लसूण, मूठभर दाण्याचा कूट आणि एवढासा टमाटा. त्या चटणीसोबत आम्ही तिघं पोटभर भाकरी जेवलो. टमाटा कुणाच्याच जिभेला लागला नाही.

"चव कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"टमाट्याचीच आहे," हे म्हणाले.

*

मे महिन्यात आमची दोन्ही झाडं गेली. आधी सावलीतलं पडलं, मग उन्हातलं करपलं. ह्यांनी ती उपटून कुंड्या जिन्याखाली ठेवल्या. फोन मात्र रोज येत होता आणि हे रोज उंची सांगत होते. मी विचारलं तर म्हणाले, "सांगतो. घाई काय आहे?"

त्याच सुमारास मला अकोल्याला एका लग्नाला जायचं होतं. हे बसस्टँडवर सोडायला आले. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "साडूभाऊकडं जाशील तर आपलं झाड मेलं हे बोलू नको." मी बरं म्हटलं.

लग्न आटोपून मी न कळवताच भाऊजींकडं गेले. दार उघडं होतं. ते अंघोळीला गेले होते, म्हणून मी गच्चीवर गेले. दोन्ही कुंड्या जागेवर होत्या. दोन्ही रिकाम्या. माती तेवढी ओली होती.

मागून भाऊजी आले. डोकं पुसायचा पंचा हातातच राहिला.

"कधी गेली झाडं?" मी विचारलं.

"झाले लय दिवस." ते कठड्याला टेकले. "सरले सांगू नको बाई. प्रयोग बंद करतील ते."

सांगणार नाही म्हणून मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीत मी चहा टाकला आणि फोन वाजला. ह्यांनी स्पीकर लावला. दोघांनाही मी शब्द दिलेला, म्हणून मी खाली मान घालून आलं किसत राहिले.

"बोला साडूभाऊ. किती?"

"बोटभर वाढलं सर. नवीन पान फुटून राहिलं."

"वा. माझंही तेवढंच. कळी दिसून राहिली."

"या उन्हात?"

"या उन्हात."

"मंग चालू ठेवू ना?"

"ठेवा की. उद्या याच टायमाले."