तिकडून आलेल्या वन्सं

इंदूवन्सं प्रवासातून परत आल्या की पुढचे काही दिवस त्यांच्या तोंडात एकच शब्द असायचा, तो म्हणजे 'तिकडं'. जेवायला बसल्या की, "तिकडं भातावर तूप न्हाई घालत गं." अंगणात खाट टाकली की, "तिकडं वारं थांबतच न्हाई." घरातल्या पोरांना ते आवडायचं. सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. आणि मी चुलीपुढं बसून भाकरी जरा जोरातच थापायची.

वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. त्यांचे यजमान फौजेत होते आणि पासष्टच्या लढाईत गेले. लग्न होऊन फार काळ झाला नव्हता, मूलबाळ नव्हतं. कुंडलला माहेरी परत आल्या, शिकल्या आणि शाळेत मास्तरीण झाल्या. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा त्यांच्या नोकरीला एकदोन वर्षं झाली असतील. उंच, सावळ्या, चालताना हात पाठीमागं बांधायची सवय. गावातल्या बायका त्यांना बघून हळू आवाजात "बिचारी" म्हणायच्या. मीही मान हलवायची.

पण मला त्यांचा हेवा वाटायचा. नवरा असलेल्या, पदरात तीन पोरं आणि दारात म्हशी असलेल्या बाईनं विधवेचा हेवा करायचा, हे कुणाला सांगणार? आईला सांगितलं असतं तर तिनं माझी दृष्ट काढली असती.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "आई, शाळेतल्या दोघी बाया द्वारकेला निघाल्यात. मी जाऊ का?" देवाचं नाव आल्यावर सासूबाईंना नाही म्हणता येईना. वन्सं मिरजेहून गाडीत बसल्या आणि सुट्टी सरत आली तेव्हा उतरल्या. उन्हानं काळ्याठिक्कर पडलेल्या, टाचा फुटलेल्या, आणि चेहरा असा की कुणी नुकतं हसवून सोडलंय.

त्या संध्याकाळी सोप्यात सगळे त्यांच्याभोवती बसले. द्वारका त्यांनी एका वाक्यात उरकली. बाकी सगळं जयपूरच्या गुलाबी भिंती, उदेपूरच्या तळ्यातला राजवाडा, चितोडचा किल्ला. "येवढा मोठा किल्ला, वरती शेतं हायत, तळी हायत. चालून चालून पाय गेलं, पर किल्ला सरना." मग दीवचा समुद्र. तिथं फिरंग्यांचा जुना कोट आहे आणि त्याच्या भिंतीला लाटा धडकतात. वन्सं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या राहिल्या होत्या. स्वयंपाकघराकडं तोंड करून मला म्हणाल्या, "लाट मागं गेली की पायाखालची वाळू निसटती, मालन. आपून पडतोय असं वाटतं, पर पडत न्हाई."

आमचे मालक मांडी घालून ऐकत होते. ताटातलं कालवण गार झालं तरी त्यांना भान नव्हतं. शेवटी म्हणाले, "आक्कानं मुलूख बघितला." असल्या कौतुकानं ते माझ्याबद्दल कधी बोललेले मला आठवत नव्हते. उसाला पाणी, म्हशीची धार, यातून निघून त्यांनी मला सांगलीच्या गणपतीलासुद्धा नेलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात होते, चितोडचा निम्मा किल्ला मला धुरातून ऐकावा लागला. वन्संनी माझ्यासाठी बांधणीची साडी आणली होती. लाल, बारीक ठिपक्यांची. मी ती नेसले नाही. घडी न मोडता ट्रंकेच्या तळाला ठेवून दिली.

दोनतीन दिवसांनी त्या चुलीपाशी येऊन बसल्या.

"मी बोलाय लागले की तुझ्या भाकरी करपत्यात," त्या म्हणाल्या. "राग येतो व्हय माझा?"

"राग न्हाई, वन्सं."

"मग काय?"

काय झालं कोण जाणे, मी खरं बोलून गेले. "हेवा वाटतो तुमचा."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हसल्या, पण डोळे भरून आले होते. "गावात मला बघून सगळ्यांला कीव येती. आईला येती, भावाला येती. हेवा करणारी तू एकटीच निघालीस. बरं वाटलं गं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिकडं मला कोण बिचारी म्हणत न्हाई. वळखतच न्हाई कोण. म्हणून जाते मी, किल्लं बघायला न्हाई."

हे ऐकून माझा हेवा निवला असं म्हणायला पाहिजे. तो निवला नाही. मला कुणीच ओळखत नाही असं एकही ठिकाण माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

पुढं दोनेक वर्षांनी वन्संनी वेंगुर्ल्याच्या एका शाळेत नोकरी धरली. घरात वादळ उठलं. सासूबाईंनी अन्न सोडलं. "एकली बाई समिंदराकाठी ऱ्हाणार? लोक काय म्हणतील?" मालकांनाही पटत नव्हतं. रात्री त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?" माझ्या एका शब्दावर त्यांनी बहिणीला थांबवलं असतं. क्षणभर तसं वाटलंही. राहू देत की इथंच, माझ्यासारख्या, याच अंगणात. पण मग रोज संध्याकाळी समोर बसून जेवणाऱ्या वन्सं डोळ्यांपुढं आल्या, हळूहळू खरोखरच बिचाऱ्या होत गेलेल्या. ते मला बघवलं नसतं.

"जाऊ द्या त्यांस्नी," मी म्हणाले. "सासूबाईंची समजूत मी घालते."

सांगलीच्या एस.टी. स्टँडवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. सासूबाई लेकीच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले, इतकी की शेजारची एक बाई म्हणाली, "नणंदेवर किती जीव हाय बघा." जीव होताच. पण त्या गाडीत मी नव्हते, म्हणून रडत होते. वन्संना ते कळलं होतं. खिडकीतून माझा हात धरून म्हणाल्या, "दिवाळीला ये. पोरांना त्यांच्या आजीजवळ ठेव. एकली ये."

त्या दिवाळीला म्हैस व्यायला झाली होती, धाकट्याला ताप होता आणि वन्संना जाऊ दिलं म्हणून सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. मी गेले नाही.

पुढच्या दिवाळीला एकटी गेले. आणि मला कुणीच ओळखत नसलेल्या त्या गावातून ठरल्यापेक्षा उशिरा परतले.