ठरलेला भाव

अमरावतीच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर संशोधन करते. हे ऐकलं की आमचे नातेवाईक विचारतात, "म्हंजे दुकान कायचं हाये?" आता मी हसते. पूर्वी फार चिडायचे.

माझ्या नोकरीतला सगळ्यात अभिमानाचा आणि सगळ्यात लाजेचा दिवस एकच. त्या दिवशी अकोल्याच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं. बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं, त्याचा भार कोणावर पडला, हा विषय. आमच्या चांदूर बाजाराकडची संत्री ट्रकनं तिकडे जातात. मी बागाईतदारांच्या दारोदार फिरून, मिळालेला भाव विचारून फॉर्म भरले होते. निष्कर्ष निघाला की बागेतला भाव हललाच नाही, भार सोसला व्यापाऱ्यानं आणि तिकडच्या गिऱ्हाइकानं. परदेशातल्या एका जर्नलनं लेख स्वीकारला होता. पुढच्या महिन्यात प्रोफेसरपदाची मुलाखत होती, ती या लेखाच्या जोरावर. आधी दोनदा हुकली होती.

बाबांना मी हट्टानं सोबत नेलं. आमचाही संत्र्याचा बगीचा आहे, आणि पहिला फॉर्म मी त्यांचाच भरला होता. ते मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले. व्याख्यान संपल्यावर पुढच्या रांगेतले एक अधिकारी खुशीत म्हणाले, "म्हणजे शेतकऱ्यांची ओरड उगीचच आहे तर!" लोक हसले, टाळ्या पडल्या. मी बाबांकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. जन्मभर कौतुकात कंजुषी केली, आज तरी हात उचलायचे होते, असं मला वाटलं.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईस्तोवर ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "तू तिथं सांगतलं ते खोटं हाये."

"काय खोटं हाये? माह्यं गनित?"

"गनित नाई वं. आकडा. मी देल्ला तो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, बगीचा फिरून अंदाज बांधतो, अख्ख्या बागेचा सौदा करून इसाराची आगाऊ रक्कम देतो. तो ठरलेला भाव गावभर होतो. शुल्क वाढलं त्या साली व्यापारी अर्धा माल तोडून परत आला. तिकडे परवडत नाही म्हणाला, भाव कमी करा, नाहीतर उरलेला माल झाडावरच राहू द्या. बाबांनी कमी केला. व्यापारी सगळ्यांच्याच बागेत परत गेला होता, म्हणजे सगळ्यांनीच केला असणार, पण कोणीच कोणाला सांगितलं नाही. उतरलेला भाव एकदा गावात कळला की पुढच्या सालचा सौदा तिथूनच सुरू होतो. म्हणून कोणी विचारलं तर जो तो ठरलेलाच भाव सांगतो. आणि मी, बगीच्यात वाढलेली पोरगी, ओट्यावर चार शेजाऱ्यांसमोर "किती भाव मिळाला?" असं खणखणीत आवाजात विचारत हिंडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"मले तरी सांगाचं होतं, बाबा. एकटीले."

"कसं सांगू? लोकं म्हनतीन, पोरगी जगाचा व्यापार शिकवते अन् बाप एका व्यापाऱ्यापुढं वाकला."

मला एकदम भरून आलं. मघाचा राग आठवून स्वतःचीच लाज वाटली. बडनेरा आलं तसं तेच म्हणाले, "आता राहू दे. छापू दे त्याईले. तुही मुलाखत हाये. पन त्या सायबानं तसं म्हटलं, मंग मले बसवलं नाई."

मी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. आठ दिवस मी तसा विचारही केला, ते कशाला लपवू? पण फॉर्मचा गठ्ठा समोर आला की त्या साहेबांचं हसू आठवायचं. शेवटी जर्नलला लिहिलं की माझी माहिती चुकीची आहे, लेख मागे घेते. मुलाखतीत त्यावरच प्रश्न आले. मी खरं ते सांगितलं. पद तिसऱ्यांदा हुकलं आणि महिनाभर मी घरात सगळ्यांवर डाफरत होते.

मग पुन्हा फॉर्म काढले. या खेपेला ओट्यावर नाही बसले. एकेकाला त्याच्याच बागेत गाठलं, आणि भाव विचारायच्या आधी विचारलं, "तोडणी चालू असताना व्यापारी परत आला होता का?" माणसं आधी माझ्याकडे पाहायची, मग बोलायची. एका काकांनी तर सांगता सांगता डोळे पुसले.

सुरुवात अर्थात बाबांपासून केली होती. झाडाखाली बसल्यावर त्यांनी आधी कुंपणापलीकडे कोणी आहे का ते पाहिलं आणि हळूच आकडा सांगितला. मी लिहून घेतला.

"यात माह्यं नाव येते का?" त्यांनी विचारलं.

"नाई बाबा. कोनाचंच नाव टाकत नाई."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "माह्यं टाकलं तरी चालते."