देऊळघाटची लिनक्स चाचणी

जगातली कोणतीही लिनक्स नवशिक्या माणसाला वापरायला अत्यंत सोपी असते. हा निष्कर्ष मी स्वतः, हातात घड्याळ घेऊन, तीन लिनक्स दोन माणसांवर तपासून काढलेला आहे. तो साफ चुकीचा आहे.

त्याचं असं झालं. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, देऊळघाटला मिरचीच्या रोपांची नर्सरी आहे. कोणत्या ट्रेमध्ये कोणतं वाण आणि ते कोणत्या शेतकऱ्याचं, याची यादी कॉम्प्युटरवर असायची. पण कॉम्प्युटर इतका म्हातारा झालेला, की मामीजी, म्हणजे सासूबाई, त्याचं बटण दाबून मग चहा ठेवायच्या, आणि चहा पिऊन कप विसळून झाले तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच! (मी चिखलीला मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. असं काही पाहिलं की मला राहवत नाही.)

"मामाजी, यातलं विंडोज काढून लिनक्स टाकू. पळायला लागेल!"

"टाका नं. तुमी म्हन्ता तं टाका."

पण लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली प्रणाली, काय एक असते? ढीगभर प्रकार! नवशिक्याला सोपी कोणती, हे शास्त्रीय पद्धतीनंच ठरवायचं, असं मी जाहीर केलं. तीन निवडल्या, तीन पेनड्राइव्हवर घेतल्या. पडद्याच्या रंगावरून त्यांना हिरवी, निळी आणि जांभळी म्हणू. कामं पाच: यादी उघडा, एक नाव वाढवा, जपून ठेवा, छापा, बंद करा. आणि नियम एकच, परीक्षकानं मध्ये बोलायचं नाही. (हा नियम पाळता यावा म्हणून मी आधीच पाऊण तास बोलून घेतलं.)

पद्धतीत एक बारीकशी चूक राहिली. महिना धोंड्याचा होता. तीन वर्षांतून एकदा येणारा, जावयाला देव समजून तुपात बुडवलेले अनारसे खाऊ घालायचा महिना! आणि परीक्षक जावई होता.

"बसा मामाजी," मी खुर्ची पुढे केली.

"तुमी उभे अन् म्या बसू? बरं दिसते का ते?"

शेवटी खुर्चीत मी बसलो आणि मामाजींनी माझ्या खांद्यावरून हात घालून उभ्यानं माउस हलवला. हिरवीत यादी उघडायलाच अकरा मिनिटं गेली. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या वहीवर पडत होता.

"कसं वाटलं?"

"एक नंबर!"

"अवघड कुठे गेलं?"

"कुठीच नाई."

"दहापैकी किती मार्क?"

"दहाच! जवाईबापूनं आनलं, त्याले नऊ कसे देता येतीन?"

मग निळीवर मामीजी आल्या. प्रिंटर हूं की चूं करेना.

"मामीजी, कागद आलाच नाही."

"कागद वाचला नं मंग!" दहा.

जांभळी तर मधेच गोठली. बाण हलेना, काही उघडेना. मामीजी म्हणाल्या, "मले असंच आवडते. उगा लय हालत नाई." पुन्हा दहा! वर माझ्या अनारशावर आणखी एक चमचा तूप.

तिन्ही लिनक्स पहिल्या आल्यामुळे मी मला आवडणारी, दिसायला देखणी जांभळी बसवून टाकली आणि डबा बांधून घेऊन घरी आलो. रोज फोन करायचो. "चालते का मामाजी?" "चालते? पळते!"

तीन आठवड्यांनी मी आणि बायको, अर्चना, न कळवता देऊळघाटला गेलो. कॉम्प्युटरवर भरतकामाचा रुमाल पांघरलेला, वर जास्वंदीचं फूल. मामाजी पोत्यावर बसून वहीत लिहीत होते. मला पाहताच त्यांनी वही ट्रेखाली सारली.

"या, या! आत्ताच बंद केला कम्प्युटर. तापला होता."

तेवढ्यात दारात एक शेतकरी उभा राहिला. "नारायणभाऊ, माहे रोपं कम्प्युटरमंदी अडकले म्हन्ता, ते काढून राह्यले का नाई? वावर तयार करून बसलो नं मी!"

मामाजींचा चेहरा उतरला आणि खरं बाहेर आलं. पहिल्या चार दिवसांतली तेवीस शेतकऱ्यांची नावं आणि ट्रेचे नंबर जांभळीच्या पोटात गेले होते, ते परत दिसलेच नाहीत. मिरचीची रोपं सगळी सारखीच हिरवी, यादीशिवाय वाण ओळखणार कसं? आणखी आठवडा गेला असता तर ती लावायच्या कामाचीही राहिली नसती. अन् मला विचारायचं, तर जावयाचा अपमान! खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण तोंड गप्प बसेल तर शपथ! "एका मिनिटात काढतो," म्हणत मी रुमाल उचलला. एक मिनिट झालं, दहा झाली, वीस झाली. (जांभळी मी स्वतः कधी वापरलीच नव्हती. दुसरे वापरताना नुसती पाहिली होती.)

मागून शेतकऱ्यानं विचारलं, "हे सोपंवालं हाये का?"

"हाव," मी म्हणालो. "एकदम सोपं."

अर्चनानं माझ्या हातातून माउस घेतला. "तुमी बाहेर जा बरं जरा."

मी गेलो आणि खिडकीशी उभा राहिलो.

"माय, आता खरं सांग. कसं हाये हे?"

अन् मामीजी सुटल्या! "कसं असन वं! अक्षरं मुंगीएवढे! वरचा पट्टा मनात येईन तवा गायब होते. छाप म्हनलं तं छापत नाई. मराठी लिहाले गेलं तं चौकोनच चौकोन, मंग नावं इंग्रजीत टाकले. पन त्याईचं तोंड पाहून बोलवते का?"

"यादी कुठी ठेवली मंग?"

"त्या खालच्या झाकनाच्या डब्यात. सांडू नाई म्हनून."

तो पडद्यावरचा कचऱ्याचा डबा होता, नको ते टाकायचा. तेवीसच्या तेवीस नावं आत सुखरूप निघाली! मामाजी मटकन पोत्यावर बसले आणि त्यांनी डोळे पुसले. शेतकरी त्याची रोपं घेऊन गेला.

त्याच दुपारी अर्चनानं चाचणी पुन्हा घेतली. माझी रवानगी मागच्या शेडनेटमध्ये, रोपांना पाणी मारायला. संध्याकाळी निकालाचा कागद हातात आला. हिरवी सहा, निळी चार, जांभळी एक. मी मुकाट्यानं हिरवी बसवली.

कागदाच्या तळाशी अर्चनानं एक ओळ वाढवली होती: 'जावई.' मामाजींचे दहा, मामीजींचे दहा. तिचे स्वतःचे तीन, आणि पुढे शेरा: 'आपोआप चालू होतो. बंद कुठून करायचा, ते सोळा वर्षांत सापडलं नाही.'