पहारेकऱ्याचा स्वेटर

आत्याने अकरा वर्षं एकाच नक्षीचे स्वेटर विणले होते. घरातले सगळे एकाच शाळेतले वाटायचे. शेवटी लोकरीच्या दुकानदारीणबाईंनी बजावलं, "शनिवारी नवी नक्षी आणा, नाहीतर दर्शनी काचेतली तुमची जागा दुसरीला देते."

आत्या तडक चित्रप्रदर्शनात गेली. तिन्ही दालनं पालथी घातली, पण विणण्यासारखं काही सापडेना. तेवढ्यात पहारेकऱ्याच्या स्वेटरवरची तिरकी वीण दिसली. विणणाऱ्यांना वीण उलट बाजूनेच नीट कळते, म्हणून तिने सरळ त्याच्या स्वेटरचा काठ उलटला.

"अहो बाई, हात लावायचा नाही! पाटी वाचा!"

"पाटी चित्रांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. हलू नका, टाके मोजतेय. चार सुलट, दोन उलट... विणलाय कोणी?"

"मीच. शिकत होतो. दर ओळीत एक टाका चुकलोय, म्हणून वीण तिरकी गेलीय."

"चुकायची एकही ओळ सोडली नाहीत?"

"नाही हो."

"वा!"

शनिवारी आत्याने त्या सगळ्या चुका इमानेइतबारे विणून नमुना दुकानात नेला. दुकानदारीणबाईंनी तो उलटून पाहिला, चष्मा नाकावर सरकवला आणि काचेत टांगला.

"अवघड दिसते हो ही वीण."

"थोडी आहे," आत्या म्हणाली. "चुकायला हात बसावा लागतो."